पंचायतीच्या भिंतीवरची ती ओळ बदलायला हवी : सरकारी इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
ग्रामविकास विभाग आणि माहिती तंत्रज्ञान विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच भारतनेटचं काम पाहणारे केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातले अधिकारी

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका लहान गावात राहते. आमच्या महिला बचत गटाची मी सचिव आहे. आमच्या ग्रामपंचायतीच्या दाराशेजारी कार्डशीटवर स्केचपेनने लिहून लॅमिनेट केलेला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर पाच सूचना आहेत. चौथी अशी : 'सदर इंटरनेट सुविधेचा व्यावसायिक कारणासाठी वापर करण्यास सक्त मनाई आहे.'

ही ओळ तीन वर्षांपूर्वी मी माझ्या हाताने लिहिली. ती चुकीची आहे, आणि तिच्या जागी काय असावं हे तुम्ही ठरवून द्यावं, एवढंच मागायला हे पत्र लिहिते आहे.

ती लिहायची वेळ का आली, ते आधी सांगते. भारतनेटची, म्हणजे ग्रामपंचायती फायबरने जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेची, केबल आमच्या पंचायतीत पोचून बरेच दिवस झाले होते, पण नेट सुरळीत चालेना. एकदा रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली, एकदा सोलरची बॅटरी बसली. शेवटी एकदाचं चालू झालं आणि पंचायतीने वायफायचा पासवर्ड गावाला दिला. बारावीच्या पोरी संध्याकाळी पंचायतीच्या ओट्यावर अभ्यासाला बसू लागल्या. इतकं चांगलं चाललेलं असताना गावातल्या एका दुकानदाराने पंचायतीच्या मागच्या खिडकीतून वायर ओढली, आपल्या दुकानात दुसरा राउटर बसवला आणि दहा रुपये तासाने पोरांना नेट विकायला सुरुवात केली.

जुलैचे शेवटचे दिवस होते. पीक विम्याची मुदत संपत आलेली, पंचायतीत ही गर्दी. आमच्या शेजारचे एक म्हातारे काका सातबारा, पासबुक आणि आधार कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सकाळी नऊपासून बाकावर बसले होते. स्क्रीनवरचं चक्र नुसतं फिरत होतं, पान काही उघडेना. भिंतीपलीकडे दुकानात पोरं पिक्चर उतरवून घेत होती. दुपारी तीन वाजता काका मला म्हणाले, "बाई, विमा भेटो का न भेटो, मले पानी तं दे." मी पाणी दिलं. त्यांचा अर्ज त्या दिवशी भरला गेला नाही.

पुढच्या ग्रामसभेत खूप बोलाचाली झाली आणि ठराव झाला. माझं अक्षर बरं म्हणून सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं. शब्द कोणते वापरायचे? नमुना कुणाकडेच नव्हता. संगणक परिचालकाने कार्यालयीन संगणकाच्या वापराबद्दलच्या एका जुन्या सूचनापत्रातलं वाक्य दाखवलं, मी ते जसंच्या तसं उतरवलं. दुकानदाराची वायर निघाली. काम झालं, असं आम्हा सगळ्यांना वाटलं.

आता मागच्या एप्रिलची गोष्ट. पुण्यातल्या एका दुकानाने आमच्या गटाकडे ६० किलो मूगवड्या मागितल्या. इतकी मोठी ऑर्डर आम्हाला आजवर मिळाली नव्हती. आम्ही अकरा जणी. पहाटे चारला उठून भिजवलेली डाळ वाटायची, ऊन चढायच्या आत गच्चीवर जुन्या धोतरावर वड्या टाकायच्या, दुपारी कुणीतरी कावळ्यांवर लक्ष ठेवून बसायचं, असे आठ-दहा दिवस गेले. पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, दोघी कोलाम बहिणी रोज पायी यायच्या. माल तयार झाला, पाकिटं भरली. दुकानदाराला तीनच गोष्टी हव्या होत्या : पाकिटावरच्या लेबलचा फोटो, अन्न नोंदणीच्या प्रमाणपत्राची प्रत आणि बिल. 'संध्याकाळी सहापर्यंत पाठवा, नाहीतर मला दुसरीकडून घ्यावं लागेल,' असा त्याचा निरोप होता. प्रमाणपत्र आमच्याकडे होतं. वर्षाला शंभर रुपये फी भरून रीतसर काढलेलं.

दुपारी वादळ आलं आणि लाईन गेली. आमच्याकडे लाईन गेली की थोड्या वेळाने मोबाईलचा टॉवरही जातो, हे गावात राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. नेट चालू होतं ते फक्त पंचायतीत, सोलरच्या बॅटरीवर. आम्ही तिघी साडेचारला तिथे गेलो. परिचालक मुलगा चांगला आहे, माझ्या धाकट्या भावासारखा. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "ताई, मले काई नाई, पन हे धंद्याचं काम झालं नं. अन् कागद तं तुमच्याच हातचा आहे."

आमच्यातली एक काकू म्हणाली, "काहून बाप्पा, आमी का दारू इकून रायलो का? वड्या इकनं म्हंजे गुन्हा झाला काय?"

त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. स्कूटीवर फाट्यावर गेलो, तिथेही रेंज नाही. पांढरकवड्याला पोचून तिन्ही कागद पाठवले तेव्हा साडेसात वाजून गेले होते. दुकानदाराने माल दुसरीकडून घेतला होता. त्या वड्या आम्ही पुढचे दोन महिने आठवडी बाजारात मिळेल त्या भावाने विकल्या.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याची नोकरी कागदावरच्या शब्दांवर चालते. दोष शब्दांचा आहे. गावातला दुकानदार नेटच विकत होता, आम्ही नेटवरून वड्या विकत होतो. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे आणि 'व्यावसायिक वापर' या दोन शब्दांनी ते पुसून टाकलं.

आमच्याकडे पांदण रस्त्यावरून भांडणं होतात. पांदण सगळ्या गावाची. तिच्यावरून माझ्या कापसाची गाडी जाते, ती विकायलाच जाते. ती अडवून 'कापूस घरच्या गादीत भरणार की जिनिंगला घालणार' असं आजवर कुणी विचारलं नाही. पण कुणी पांदणीवर कुटाराचा ढीग घातला, काटेरी कुंपण पुढे सरकवलं किंवा नांगर फिरवून ती आपल्या वावरात घेतली, की तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांकडे अर्ज जातात. जायलाच हवेत. रस्त्यावरून माल नेणं म्हणजे वापर, रस्ता अडवणं म्हणजे कब्जा. हा फरक आमच्याकडच्या अडाणी माणसालाही कळतो. नेटच्या बाबतीत मात्र आम्ही कब्जा रोखायला निघालो आणि वापर बंद करून बसलो.

शिवाय गावात 'व्यावसायिक' म्हणजे नक्की काय धरायचं? २०२५ च्या हंगामात सीसीआयने, म्हणजे केंद्र सरकारच्या कापूस महामंडळाने, हमीभावाने कापूस घेण्यासाठी 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी करायला सांगितली. लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव. त्यासाठी अ‍ॅप उतरवा, सातबारा आणि आधार चढवा, मग कापूस आणायची तारीख घ्या. कापूस विकणं हा शेतकऱ्याचा व्यवसायच नाही का? मग आमच्या कागदाप्रमाणे ही नोंदणीसुद्धा पंचायतीच्या नेटवर करता येत नाही. १४ एप्रिल २०१६ ला केंद्र सरकारने ई-नाम हा नेटवरचा शेतमाल बाजार सुरू केला, शेतकऱ्याचा माल दूरच्या व्यापाऱ्यानेही लिलावात बोलून घ्यावा म्हणून. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर बचत गटांनी माल विकावा असं सांगितलं जातं. बचत गटांसाठीच्या 'उमेद' या सरकारी अभियानाच्या प्रशिक्षणात आम्हाला पाकिटाचा फोटो उजेडात कसा काढायचा आणि ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर कसा पाठवायचा हे शिकवलं. म्हणजे एक सरकारी हात म्हणतो, नेटवर विका. दुसऱ्या सरकारी हाताने लावलेल्या तारेवर लिहिलेलं असतं, विकाल तर खबरदार. हे लिहिताना माझ्याच अक्षरातला तो कागद डोळ्यासमोर येतो, म्हणून जास्त लागतं.

शेतकऱ्याच्या घरात घर कुठे संपतं आणि धंदा कुठे सुरू होतो, हे दाखवून द्यायला मी कुणालाही माझ्या घरी बोलवायला तयार आहे. एकच फोन. सकाळी त्यावर मुलीच्या शाळेचा गृहपाठ येतो, दहा वाजता घरधनी त्यावर तुरीचा भाव बघतात, दुपारी मी गटाचा हिशोब लिहिते, संध्याकाळी शेजारीण बकरीचा फोटो काढून बाजाराच्या ग्रुपवर टाकते. यातलं कोणतं काम सार्वजनिक हिताचं आणि कोणतं व्यावसायिक, हे परिचालकाने कसं ओळखायचं? त्याला ओळखता येत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच नाही म्हणतो. किंवा ओळखीच्या माणसाला हो म्हणतो. दुसरं जास्त वाईट.

आणि ज्याच्याकडे पैसा आहे त्याला या मनाईने काही फरक पडत नाही. गावातल्या मोठ्या व्यापाऱ्याकडे दोन कंपन्यांची सिमकार्डं आहेत, इन्व्हर्टर आहे, तालुक्याला पोराच्या घरी फायबर आहे. पंचायतीच्या ओट्यावर तो कशाला येईल? अडतो तो ज्याचा डेटा दुपारी संपतो तो.

हा प्रश्न जगात पहिल्यांदा आमच्याच गावाला पडला असं मात्र नाही. ज्या जाळ्यातून आजचं इंटरनेट उभं राहिलं, त्या जाळ्यावर हीच मनाई होती. अमेरिकेत १९६९ मध्ये सुरू झालेलं अर्पानेट संरक्षण खात्याच्या पैशावर चालायचं. १९८६ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने, म्हणजे एनएसएफने, महासंगणक केंद्रं जोडायला एनएसएफनेट हे जाळं सुरू केलं. त्याच्या मुख्य वाहिनीचा वेग होता सेकंदाला ५६ किलोबिट. भारतनेटने आमच्या पंचायतीला कबूल केलेल्या १०० एमबीपीएसच्या साधारण सतराशे-अठराशेव्या भागाइतका. एवढ्याशा धारेवर देशभरातली विद्यापीठं पाणी भरणार, तर नियम लागणारच. त्यांनी नियम केला : हे जाळं संशोधन आणि शिक्षणासाठी आहे, नफ्याच्या कामासाठी वापरायचं नाही. संशोधनाच्या उपयोगाचं नवं उत्पादन आलं तर ते कळवायला परवानगी, पण जाहिरात नको. खासगी धंद्यासाठी 'मोठ्या प्रमाणावर' वापर नको. या 'मोठ्या प्रमाणावर' शब्दांशी मी बराच वेळ थांबले. कोण वापरतो आणि किती वापरतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या नियमात निदान एका ओळीत तरी दिसतं. आमच्या कागदावर तेवढंही नाही.

पुढे वाहिनी रुंद होत गेली. १९८८ मध्ये दीड मेगाबिट, १९९१ मध्ये ४५ मेगाबिट. तोवर विद्यापीठातल्या माणसाला बाहेरच्या कंपनीशी पत्रव्यवहार हवा होता, कंपनीला विद्यापीठाशी. १९८९ मध्ये एमसीआय मेल ही पैसे घेऊन चालणारी टपालसेवा प्रयोग म्हणून या जाळ्याला जोडू दिली, आणि आभाळ काही कोसळलं नाही. १९९१ मध्ये काही खासगी जोडणी कंपन्यांनी एकत्र येऊन आपली वेगळी देवघेवीची जागा उभी केली, कारण सरकारी वाहिनीवरून धंद्याची वाहतूक नेता येत नव्हती. एकच पत्र कोणत्या रस्त्याने जातंय त्यावर ते कायदेशीर की बेकायदेशीर हे ठरायचं!

अखेर १९९२ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा बदलला. त्या बदलाचा आशय मला फार मोलाचा वाटतो. संशोधन-शिक्षणापलीकडचा वापरही या जाळ्यावर चालेल, जर त्या वापरामुळे संशोधन आणि शिक्षणासाठी जाळ्याची ताकद वाढणार असेल. म्हणजे 'तुम्ही नफा कमावता का' ही कसोटी राहिली नाही. 'तुमच्या येण्याने मूळ कामाला बळ मिळतं की ते अडतं' ही कसोटी झाली. ही कसोटी आमच्या पंचायतीला लावून पाहा. आम्ही वड्यांचं बिल पाठवलं असतं तर काकांचा विमा अडला नसता. तीन कागद जायला किती वेळ लागतो? दुकानदाराच्या राउटरमुळे मात्र तो अडला. तोच नियम, तीच कसोटी, आणि उत्तरं बरोबर उलट.

अमेरिकेतही खिडकीतून वायर ओढल्याची तक्रार झाली होती, बरं का. एनएसएफनेट चालवण्याचं काम ज्यांच्याकडे होतं, त्यांनी १९९० मध्ये एक ना-नफा संस्था काढली आणि वर्षभरात त्या संस्थेची नफ्यासाठी चालणारी कंपनी निघाली. ही कंपनी त्याच तारांवर व्यापारी जोडण्या विकू लागली. लोकांच्या पैशाने घातलेल्या तारेवर एकालाच धंदा करू दिला, अशी इतर कंपन्यांची तक्रार होती आणि १९९२ च्या मार्चमध्ये त्यावर संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली. प्रश्न तिथेही व्यापाराचा नव्हता, मक्त्याचा होता. ३० एप्रिल १९९५ ला ती सरकारी मुख्य वाहिनी बंद झाली आणि वाहतूक खासगी जाळ्यांवर गेली.

आपल्याकडे १९८६ मध्ये अर्नेट हे जाळं सुरू झालं ते आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसारख्या संस्थांसाठी. सामान्य माणसाला दार उघडलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएल या सरकारी कंपनीमार्फत, आणि तेही मोठ्या शहरांत. खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली १९९८ मध्ये. त्याच वर्षी कोल्हापूर-सांगलीकडे वारणेच्या खोऱ्यात ७० गावं संगणकाने जोडायचा प्रकल्प हाती घेतला, केंद्र, राज्य आणि सहकारी संस्था यांच्या पैशातून. तिथे शेतकरी काय बघायचा? उसाची नोंद, तोडीची पाळी, वजन, बिल. ऊस विकणं व्यावसायिक आहे म्हणून ते मशीन कुणी बंद केलं नाही. शेतकऱ्याला त्याचं बिल दिसावं, हेच त्या प्रकल्पाचं कौतुक होतं. ऊसवाल्याला जे कौतुकाने दिलं, ते कापूसवाल्याला आणि वड्यावालीला का नाकारायचं?

पैशाचंही बोलायला हवं, कारण 'सरकारी पैशाच्या नेटवर खासगी कमाई कशी' असं सभेत मला एकाने विचारलं आणि विचारणारा प्रामाणिक होता. २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना मंजूर झाली. तिचंच नाव पुढे भारतनेट झालं. तिचा पैसा आला युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंडातून. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव आता डिजिटल भारत निधी आहे. या निधीत टेलिकॉम कंपन्यांच्या समायोजित महसुलातले ५ टक्के जमा होतात. कंपन्यांचा महसूल म्हणजे काय? आमचे रिचार्ज. पोडावरची ती बहीण मजुरीतून वाचवून रिचार्ज मारते, त्यातला वाटा या तारेत गेलेला आहे. दुसऱ्याच्या पैशावर ती धंदा करायला आलेली नाही.

आणि याच भारतनेटची रचना पाहा. त्याचे धागे, त्याची बँडविड्थ टेलिकॉम आणि इंटरनेट कंपन्यांना भाड्याने द्यायची तरतूद पहिल्यापासून आहे. कंपन्यांनी ती घेऊन गावात सेवा विकावी, हाच हेतू होता. गावातल्या तरुणाने 'भारतनेट उद्यमी' होऊन घरोघरी जोडण्या द्याव्यात आणि उत्पन्नातला हिस्सा घ्यावा, ही योजनासुद्धा आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची योजना मंजूर केली. त्यात चहाचा टपरीवालाही परवाना न घेता, फी न भरता वायफायचं पब्लिक डेटा ऑफिस चालवू शकतो. मला यातलं काहीच खटकत नाही. उलट आमच्या त्या दुकानदाराला कुणी हा रस्ता दाखवला असता तर त्याने खिडकीतून वायर ओढली नसती. स्वतःच्या पैशाने जोडणी घेऊन तो उघडपणे विकू शकला असता आणि पंचायतीच्या ओट्यावरची गर्दीही हलकी झाली असती. खटकतं ते हे की वरच्या टोकाला व्यापार चालतो, तो तरतुदीत लिहिलेला आहे, आणि खालच्या टोकाला, शेवटच्या मीटरवर, बाईने वड्यांचं बिल पाठवायला बंदी.

मनाई उठवा म्हणजे सगळं कंपन्यांच्या हवाली करा, असं माझं म्हणणं समजू नका. त्या बाबतीत विदर्भाने एक मोठा धडा शिकलेला आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ आणि मूर्तिजापूर-अचलपूर ही आमची शकुंतला रेल्वे कापूस वाहून न्यायला बांधली. पुढे तीच गरिबाची गाडी झाली. माझी आजी तिच्यातून माहेरी जायची, मांडीवर हरभऱ्याचं गाठोडं घेऊन. एका कामासाठी टाकलेल्या रुळांनी दहा कामं केली, हे चांगलंच झालं. पण रूळ इंग्रजांच्या काळातल्या खासगी कंपनीचे होते, आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशकं गाडी रेल्वेने चालवायची आणि मालकी कंपनीची, असाच कारभार राहिला. आज ती गाडी बंद आहे. म्हणून सांगते, तार गावाची राहू द्या. तिच्यावरून काय जातं याची चौकशी कमी करा आणि ती कुणाच्या ताब्यात जाते याची जास्त करा.

आता तुमच्याकडे काय मागते ते. गावोगावच्या पंचायतींना एक नमुना नियम द्या, साध्या मराठीत, अर्ध्या पानाचा. तो नसल्यामुळेच आमच्यासारख्या गावांना कुठल्यातरी जुन्या सूचनापत्रातून वाक्य उचलावं लागतं. त्यात 'व्यावसायिक' हा शब्द नसावा. पंचायतीची जोडणी पुढे कुणाला विकायची नाही, तिला दुसरा राउटर जोडायचा नाही, एकट्याने ती अडवून ठेवायची नाही, हे स्पष्ट लिहा. कार्यालयाच्या वेळेत दाखले, विमा, सातबारा, शाळेचे अर्ज यांना आधी जागा, हेही लिहा. बाकी कुणी काय काम करतो ते विचारायची गरज नाही, फक्त एका माणसाला दिवसाला किती डेटा ते ठरवा. ती मर्यादा राउटरमध्येच घालता येते, परिचालकाला माणसाचं तोंड बघून ठरवावं लागत नाही. लाईन गेलेल्या वेळेसाठी वेगळी सवलत ठेवा, कारण तेव्हा अख्ख्या गावाला तेवढा एकच रस्ता उरलेला असतो. आणि ज्याला नाकारलं त्याला कारण लिहून मिळावं, त्यावर कुणाची तरी सही असावी. त्या दिवशी मला 'नाही' म्हणणाऱ्या मुलाला सही करावी लागली असती, तर त्याने आधी ग्रामसेवकाला फोन लावला असता, हे मी त्याला ओळखते म्हणून सांगते.

नेटचा वेग किती यायला हवा आणि किती येतो हेसुद्धा पंचायतीच्या फळ्यावर लिहायला लावा. कबूल केलेले १०० एमबीपीएस खरंच आले, तर आमच्या गावात वड्यांचं बिल आणि विम्याचा अर्ज यांचं भांडण लागायचं कारणच उरत नाही. पुष्कळदा नियम कडक होतात ते धार बारीक असते म्हणून. धार मोठी करणं तुमच्या हातात आहे, आमच्या नाही.

आमची पुढची ग्रामसभा २ ऑक्टोबरला आहे. जुना ठराव बदलायचा विषय मी लेखी दिला आहे आणि सरपंचांनी तो घेतला आहे. त्या काकांनीही सूचक म्हणून सही केली आहे. तुमचा नमुना तोवर आला तर सभेत वाचून दाखवीन. नाही आला तर वर लिहिलंय तेवढंच घेऊन उभी राहीन. नवं कार्डशीट आणि काळा स्केचपेन आणून ठेवला आहे.

आपली,
सचिव, एक महिला बचत गट
जि. यवतमाळ